कान्हेरीचा राजपुत्र

साष्टी बेटावरची कान्हेरीची लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली, हे आज आपण सर्वच जाणतो. चारशे वर्षांपूर्वी, तेथे पोर्तुगीजांचा अंमल असताना, हे ज्ञान लोप पावले होते. गोव्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख आणि इतिहासकार दियोगु दु कोउतु (मृत्यू १६१६) लेणी पाहावयास गेला, तेव्हा त्याने एका वृद्धास ती कोणी घडवली असे विचारले. मिळालेले उत्तर त्याने आपल्या ग्रंथात नोंदवले आहे : संत जोसाफातच्या पित्याने, आपल्या पुत्रास जगापासून दूर ठेवून वाढवण्यासाठी. त्यावर कोउतुने अनुमान बांधले, की इकडचे लोक ज्या 'बुदाओ'च्या अद्भुत गोष्टी सांगतात, तो हा जोसाफातच असावा.

हा जोसाफात कोण? मध्ययुगीन युरोपात त्याची कथा घरोघरी माहीत होती. हिंदुस्थानच्या अबेन्नेर राजाला पुत्र झाला. हा राज्यत्याग करील असे भाकीत ज्योतिष्याने वर्तवले. राजाने त्यास प्रासादात कोंडून ठेवले. तरीही एके दिवशी त्यास महारोगी, आंधळा आणि जराजर्जर वृद्ध दिसलेच. पुढे बार्लाम नावाचा तपस्वी रत्नव्यापाऱ्याच्या वेषात आला आणि राजपुत्राने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १६ व्या शतकात रोमच्या संतनामावलीत २७ नोव्हेंबर हा दिवस या दोघांच्या नावे नोंदला गेला. मराठी वाचकाला हा राजपुत्र ओळखण्यास क्षणही लागू नये.

नावाचा प्रवास कथेइतकाच बोलका आहे. 'बोधिसत्त्व' या शब्दाचे अरबीत 'बूदासफ' झाले. अरबी लिपीत शब्दारंभीच्या 'ब' आणि 'य' यांत भेद केवळ एका नुक्त्याचा. लेखनिकाच्या हातून 'यूदासफ' झाले. जॉर्जियन भाषेत 'योदासफ', ग्रीकमध्ये 'योआसाफ', लॅटिनमध्ये 'जोसाफात'. जॉर्जियन भिक्षूंनी कथेला ख्रिस्ती रूप दिले, इ. स. १००० च्या सुमारास ती ग्रीकमध्ये उतरली आणि तेथून युरोपभर पसरली. अखेर १८५९-६० मध्ये लाबुले आणि लीब्रेख्ट या विद्वानांनी संत जोसाफात म्हणजे गौतम बुद्धच, हे सिद्ध केले.

कोउतुने साम्य अचूक हेरले, पण ऋण उलटे मांडले. आपल्या संताची कथा इतरांनी घेतली असे त्याला वाटले. आज आपल्याकडे याच्या विरुद्ध टोकाचा अभिमान आढळतो : जगातील साऱ्या कथा येथूनच गेल्या! दोहोंतही कथेकडे मालमत्ता म्हणून पाहण्याची दृष्टी एकच आहे. तीच आम्हांस अपुरी वाटते.

कारण मूळ मालकाचा शोध घेऊ गेल्यास तोही हुलकावणी देतो. मूळचे गोव्याचे असलेले धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात दाखवून दिले, की वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची कथा पाली 'महापदानसुत्ता'त विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाविषयी येते. गौतमाच्या चरित्राला ती मागाहून जोडली गेली. म्हणजे ज्याच्याकडून युरोपने कथा घेतली, त्याच्याही चरित्रात ती उसनीच आली होती!

बार्लाम राजपुत्रास सांगतो तो दृष्टान्तही असाच. विहिरीत लोंबकळणारा मनुष्य, आधाराची फांदी वा मुळी कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर, आणि मृत्यू समोर असताना मधाचा थेंब चाटण्यात गुंगलेला तो जीव. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर हाच दृष्टान्त धृतराष्ट्रास सांगतो. इटलीतील पार्मा येथील बाप्तिस्मागृहाच्या द्वारावर तो कोरलेला आहे. टॉल्स्टॉयने आत्मकथनात तो पौर्वात्य कथा म्हणून सांगितला आणि त्यात स्वतःचे चित्र पाहिले.

मात्र कथा एकच असली तरी तिचा अर्थ एकच राहिला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. गौतम गुरूंना सोडून एकटाच बोधापर्यंत पोहोचतो. जोसाफातला सत्य बार्लामकडून आयते मिळते. एकाच्या कथेत शोधाला महत्त्व आहे, दुसऱ्याच्या कथेत श्रद्धेला. धर्मांतराच्या प्रवासात कथेने काय टिकवले आणि काय टाकले, हे पाहिल्यास त्या त्या समाजाचे अंतरंग कळते. कथांच्या इतिहासाचे खरे काम हे आहे. मालकी ठरवणे नव्हे.

कान्हेरीच्या त्या वृद्धाकडे म्हणून आम्ही अज्ञ म्हणून पाहू इच्छित नाही. बुद्धाचे नाव त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते; ज्या धर्मसत्तेच्या अमलाखाली तो जगत होता, तिच्या संताचे नाव मात्र पोहोचले होते. त्या नावाच्या आडून त्याने सांगितली ती गोष्ट त्या लेण्यांत राहून गेलेल्या भिक्षूंना परकी वाटली नसती.