मोहाचा साठा

उन्हाळी साठवण म्हटली की आपण कैरी, कोहळा, मिरची मोजतो. मोहफुलांचे नाव मात्र दबक्या आवाजात घेतो. असे का झाले?

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या रानाकाठच्या घरांना मोहाने तगवले. नागपूर तेव्हा या प्रांताची राजधानी होती. पण याच फुलांची दारूही होते. मुंबई राज्यात १९४९ साली झालेला दारूबंदी कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला, त्यात मोहफुलांवर बंधने होती. बाईच्या मडक्यातली भाकरीची सोय संशयाची ठरली, हे आम्हांला अजून खटकते. २०२१ मध्ये राज्य सरकारने साठवणुकीवरची बंधने उठवली.

रामटेक-पारशिवनीकडे चैत्रात पहाटे फुले टपटपतात. पिवळसर, मांसल तेवढी वेचा, काळवंडलेली नकोत. आतले केसर काढून दोन-तीन कडक उन्हे द्या. मनुकांसारखी झाली की कोरड्या डब्यात घट्ट झाका, ओल लागली की आंबलीच. भिजवून, उकडून, वाटून ज्वारीच्या पिठात मळा. भाकर गोडसर होते, गूळ लागत नाही.

वेचण्यासाठी झाडाखालचा पाला मात्र पेटवू नका, आग रानात पसरते. जुने लुगडे अंथरले तरी भागते.