एसयूव्ही ‘लो’ करायचीय? स्प्रिंग कापण्याआधी टेप घ्या

माझ्या मावसभावाने एसयूव्ही घेतली आणि महिनाभरातच मला एक रील पाठवली. काळे अलॉय, चाकं कमानीत अर्धी घुसलेली, गाडी जमिनीला चिकटलेली. खाली मेसेज: "दादा, रविवारी स्प्रिंग कापून घेतोय. तासाभराचं काम आहे म्हणे." मी सॉफ्टवेअरवाला, पण मेकॅनिक्सचा पेपर आम्हालाही होता. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी खरं ते मान्य करू. गाडी खाली केल्याने फायदा होतो. गाडी उलटण्याचा धोका मोजताना अमेरिकेची एनएचटीएसए ही संस्था एक साधा आकडा वापरते: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्मे, भागिले गुरुत्वमध्याची उंची. समजा अंतर 1550 मिमी आणि उंची 680 मिमी, तर उत्तर 1.14. गाडी 30 मिमी खाली आली की 1.19. म्हणजे वळणावर ती थोडी जास्त स्थिर राहते.

मग अडतं कुठे?

सस्पेन्शनच्या ट्रॅव्हलमध्ये. खड्ड्यात चाक आपटलं की ते वर जातं आणि शेवटी बंप स्टॉप नावाच्या रबरी ठोकळ्यावर थांबतं. तिथपर्यंतची जागा ही तुमची शिल्लक. उदाहरणादाखल, रिकाम्या गाडीत मागे 80 मिमी शिल्लक आहे असं धरू. पाच माणसं आणि बॅगा बसल्या की 35 गेले, उरले 45. आता गाडी 40 मिमी खाली करा. उरले 5! कापलेली स्प्रिंग थोडी कडक होते, त्यामुळे दोन-चार मिमी इकडे तिकडे होतील, पण तेवढेच. पुढचा प्रत्येक खड्डा थेट बॉडीला आणि मागच्या सीटवरच्या माणसाच्या कमरेला. आमच्या मावशीला कंबरदुखी आहे आणि ती कायम मागेच बसते.

ग्राउंड क्लिअरन्सचं गणितही असंच. 200 मिमीची गाडी 40 ने खाली, वर माणसांचं वजन, म्हणजे भरल्या गाडीला 130 च्या आसपास. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल स्पीड ब्रेकर 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. आपल्या गल्लीतला तसा असतो का, हे तुम्हीच सांगा.

कापणं आणि बदलणं यात फरक आहे

कॉइल स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. 8 कामाच्या वेढ्यांतला 1 कापला की स्प्रिंग साधारण 14 टक्के कडक होते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा, त्यामुळे गाडी उसळत राहते. शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक हवेत लटकलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. काही जण गॅस टॉर्चने तापवून स्प्रिंग ‘बसवतात’. तो तर कहरच, कारण पोलादाचं हीट ट्रीटमेंटच निघून जातं. करायचंच तर त्या मॉडेलसाठी बनलेल्या, 20-25 मिमीच्या लोअरिंग स्प्रिंग, जुळणारे शॉक आणि लगेच व्हील अलाइनमेंट. नाहीतर टायर आतल्या बाजूने झिजतात.

माझ्या क्षेत्रातला मुद्दा अडासचा. काचेमागचा कॅमेरा ठरलेल्या उंचीला आणि कोनाला कॅलिब्रेट केलेला असतो. 2600 मिमी व्हीलबेसच्या गाडीत पुढची बाजू मागच्यापेक्षा 45 मिमी जास्त खाली गेली, तर गाडी सुमारे 1 अंशाने झुकते. 50 मीटरवर कॅमेऱ्याची नजर जवळपास 87 सेंमी खाली! पुन्हा कॅलिब्रेशन न करता त्या ऑटो ब्रेकवर मी तरी विसंबणार नाही. हेडलाइटचा झोतही तसाच खाली जातो.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये निकाल दिला, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. कलम 182अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघातानंतर विमा कंपनीलाही वाद घालायला आयतं कारण मिळतं. रेंज रोव्हरसारख्या गाड्या चढ-उतारासाठी सुमारे 50 मिमी खाली बसतात, पण ती कंपनीचीच एअर सस्पेन्शन आहे आणि चालायला लागली की पुन्हा वर येते.

घरी मोजा

सपाट जागी चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत टेप लावा, फोटो काढा. मग घरच्यांना बसवून, डिकी भरून पुन्हा मोजा. फोनमधलं लेव्हल अ‍ॅप दाराच्या उंबऱ्यावर ठेवून झुकावही बघा. आमच्याकडे मागची बाजू 38 मिमी खाली आली, तीही मावशीची लोणच्याची बरणी न धरता. भावाने रविवारची वेळ रद्द केली. रील्स मात्र अजून येतात.