जनरल रजिस्टरातली शाळा

येत्या मार्चमध्ये आमच्या हायस्कूलची शेवटची अकरा मुले एस.एस.एल.सी.ला बसतील आणि त्यानंतर शाळा बंद होईल. गेल्या वर्षी आठवीत एकही प्रवेश झाला नाही. त्यामुळे यंदा नववी नाही, आणि आठवी यंदाही रिकामीच. बेळगावच्या पश्चिमेचे, रताळी-बटाट्याच्या पट्ट्यातले आमचे गाव. त्याचे नाव मुद्दाम देत नाही. वाचताना कुणाला ही आपलीच शाळा वाटली, तर ते मला हवेच आहे.

या शाळेत मी शिकलो, इथेच शिक्षक झालो आणि आता हेडमास्तर म्हणून तिचे सामान मोजतो आहे. बाके, नकाशे, स्पिरिटचे दिवे, एक पाय मोडलेला सांगाडा अशी यादी करता करता कपाटाच्या तळाशी पोचलो, तेव्हा जनरल रजिस्टरे निघाली. तीस वर्षे इतिहास शिकवला, पण हे साधन उशाशी असून कधी सलग वाचले नव्हते.

पहिले नाव जून १९५१चे. तेव्हा शाळा देवळाच्या ओवरीत भरे. पुढे गावाने श्रमदान केले, घरटी एकेक गाडी चिरे आले, आणि चार खोल्या उभ्या राहिल्या. त्याआधी पाच वर्षे, मे १९४६मध्ये, बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच संमत झाला होता. आमचे पहिले हेडमास्तर त्या मांडवात स्वयंसेवक होते. मी विद्यार्थी असताना ते निवृत्त झाले होते, पण पारावर बसून त्या दिवसांविषयी सांगत. खेड्यात हायस्कूल काढायचे वेड त्या मांडवातून आले, असे त्यांचे म्हणणे. मला वाटते, वेड आधीचेच असावे. मांडवाने त्याला धीर दिला.

रजिस्टरात जन्मस्थानाचा एक रकाना असतो. गाव, तालुका, जिल्हा, राज्य. पहिल्या पानांवर राज्याच्या जागी ‘मुंबई’ आहे. १ नोव्हेंबर १९५६ ऐन दिवाळीत आला. शाळेला सुट्टी, त्यामुळे हजेरीपट त्या दिवशी कोरा आहे. सुट्टीनंतर त्याच टाकाने, त्याच वळणदार अक्षरात ‘म्हैसूर’ लिहिलेले आहे. १ नोव्हेंबर १९७३ला म्हैसूरचे कर्नाटक झाले, आणि २०१४च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावचे बेळगावी. एका घरचे आजोबा, वडील आणि नातू तिघेही या रजिस्टरात आहेत. गाव एक, घर एक, विहीरही एकच. जन्माची राज्ये मात्र तीन. महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सारे आपण वर्गात शिकवतो. त्या एका रकान्याइतके ते मला पूर्वी कधी कळले नव्हते.

दुसरा रकाना ‘शाळा सोडल्याचे कारण’. त्यात ‘शेतकाम’ वारंवार येते, विशेषतः रताळी काढायच्या दिवसांत. मुलींपुढे ‘लग्न’. पहिली सहा वर्षे तर मुलगीच नाही. १९५७ साली एक आली आणि नववीतून गेली. सत्तरीच्या दशकात मात्र पानेच्या पाने मुलींच्या नावांनी भरलेली आहेत, आणि कारण ‘उत्तीर्ण’. शहर इथून अठरा किलोमीटर. तेव्हा एस.टी. दिवसातून दोनदा, तीही पावसाळ्यात बेभरवशाची. त्या मुलींना कुणी बेळगावला धाडले नसते. शाळा गावात होती म्हणून त्या शिकल्या. त्यांतल्या कित्येक पुढे शिक्षिका, नर्स झाल्या. आमच्या शाळेने काय केले, असे कुणी विचारले तर मी भाषेच्या आधी हे सांगेन.

भाषेचे रण आम्हीही पाहिले. गोकाक समितीचा अहवाल १९८१चा. माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी, अशी त्याची शिफारस. १९८६च्या मार्चमध्ये मी एस.एस.एल.सी. देऊन मोकळा झालो आणि जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन पेटले. गोळीबार झाला, माणसे गेली. हिंडलग्याच्या स्मारकावर दरवर्षी १ जूनला आपण जातो. त्या जूनमध्ये आमच्या आठवीत दोन तुकड्या भराव्या लागल्या होत्या. रजिस्टरात आकडा आहे: त्र्याण्णव. हट्टाने घातलेली मुले होती ती.

मग त्र्याण्णवाचे शून्य कसे झाले? राज्य सरकारने एप्रिल १९९४मध्ये आदेश काढला, की पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नडच असावे. आदेशामागची ओढ कन्नडची होती, पण ‘मातृभाषा’ या शब्दाच्या आडोशाला मराठी शाळाही उभ्या होत्या. मे २०१४मध्ये घटनापीठाने तो आदेश रद्द केला. माध्यम निवडणे हा पालकांचा आणि मुलाचा हक्क, असे ठरले. निकाल चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. सक्ती नको, असे आपणच तर वर्षानुवर्षे ओरडत होतो. तोवर इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या वेशीपर्यंत येऊ लागल्याच होत्या. आमच्याकडे शिक्षक निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत, शेवटी विज्ञान आणि गणित एकाच माणसावर आले. पालक तरी किती दिवस वाट पाहणार?

चार वर्षांपूर्वी पटसंख्येसाठी घरोघर हिंडत होतो. एका अंगणात माझाच जुना विद्यार्थी बसायला पाट देऊन म्हणाला, “सर, रागावू नका हं. तुमची लेक कुठल्या शाळंत शिकली की?”

ती शहरात, इंग्रजी माध्यमात शिकली. पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज मीच भरला होता. तेव्हा मनाशी जी कारणे दिली, ती आजही मला खोटी वाटत नाहीत. त्या अंगणात मात्र एकही तोंडातून निघाले नाही. चहा घेऊन उठलो, आणि त्या आळीत पुढच्या घरी गेलो नाही.

शाळा बंद झाल्यावर रजिस्टरे बीईओ ऑफिसात जमा होतील. म्हातारी माणसे जन्मतारखेच्या दाखल्यासाठी अजून माझ्याकडे येतात. त्यांना पुढे तिकडे जावे लागेल. जमा करण्याआधी मी सगळी नावे एका वहीत उतरून घेतो आहे. जेवण झाल्यावर बसतो. रात्रीला वीस-पंचवीस होतात. लेक सुट्टीत आली होती, तेव्हा तिने वाचून दाखवले आणि मी लिहिले. जुनी मोडी वळणाची अक्षरे तिला लागत नव्हती, तिथे थांबून विचारायची. सध्या १९६३पर्यंत आलो आहे.