नाव बदलल्यानंतरही

सुरत–नागपूर महामार्गावरच्या विसरवाडीत पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला विषय शोधत फिरावे लागत नाही. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबे, कुपोषण, सिकलसेल, कोवळ्या वयातली लग्ने. माणसे बोलतातही. ती का बोलतात आणि बोलल्यावर त्यांचे काय होते, हा पत्रकारितेच्या नीतीचा, या अभ्यासक्षेत्राचा, प्रश्न. त्यात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत; सुरुवात कायद्यापासून करावी, कारण तो भाग सोपा आहे.

पॉक्सो कायद्याचे (२०१२) कलम २३ पीडित बालकाच्या नावापाशी थांबत नाही. पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटवणारे सारेच त्यात येते. कठुआ प्रकरणात पीडित मुलीची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. त्यांच्याकडे निदान वकील होते. विद्यार्थ्याकडे असते ती प्रकल्प जमा करायची तारीख.

अवघड ते पुढेच आहे. यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात बारडोली भागात खानदेशी ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला. मुकादमाची उचल आणि तिच्यापायी हंगामभर बांधले गेलेले ‘कोयते’, म्हणजे तोडणारी जोडपी, त्यात भेटतात. अशा कोयत्यातल्या बाईच्या नावापुढे कंसात ‘नाव बदलले आहे’ लिहून काय साधते? पाडा, मुलांची संख्या आणि कारखाना छापला की मुकादम तिला लगेच ओळखतो, आणि पुढची उचल त्याच्याच हाती असते.

शिवाय तिची मावची किंवा भिली विद्यार्थ्याला मराठीत सांगणारा बहुधा गावातलाच शिकलेला माणूस. कधी मुकादमाचा भाऊबंदही. त्याच्यासमोर आलेला होकार संमती मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थी त्याच पाड्यातला असला तर दुभाषा लागत नाही, पण तिढा वाढतो. भाच्याने फोनचे रेकॉर्डिंग सुरू करून विचारले, तर आत्या नाही कशी म्हणणार?

छापण्याआधी मजकूर दाखवू नये, अशी संपादकांची जुनी शिस्त आहे. मंत्र्यांच्या बाबतीत ती मलाही पटते. ऊसतोड बाईला मात्र तो तिच्या बोलीत, एकटीला, वाचून दाखवावा. ती सांगेल तो तपशील गाळावा. बातमी त्याने दुबळी होते, ही तक्रार खरी आहे. किती दुबळी चालेल, यावर या क्षेत्रात अजून एकमत नाही.