सुट्टीत वाढलेले जीवाणू

जठरातील आम्लात जीवाणू टिकत नाहीत आणि अल्सर होतो तो चिंतेने व जादा आम्लाने, अशी समजूत होती. १९७९ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना जठराच्या सुजलेल्या अस्तरावर वाकडे जीवाणू दिसले. पुढे बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. पण जीवाणू बशीत वाढेनात. दोन दिवसांत काही दिसले नाही, की बशी टाकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि वसाहती दिसल्या! जीवाणू सावकाश वाढणारे होते.

पण जीवाणूंमुळे सूज, की सुजेमुळे जीवाणू? १९८४ साली मार्शल यांनी आपले अस्तर निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि ते जीवाणूंचे द्रावण प्याले. मळमळ, उलट्या झाल्या. दहाव्या दिवशी अस्तर सुजलेले आढळले. अल्सर मात्र झाला नव्हता! म्हणजे या प्रयोगाने जठरदाहाचे कारण दाखवले, अल्सरचे नव्हे. तो पुरावा नंतर आला. प्रतिजैविकांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी नष्ट केल्यावर बहुतेकांचा अल्सर उलटेना. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले.

प्रयोगाने काय सिद्ध झाले आणि काय नाही, हे वर्गात जरूर विचारावे.