भिंतीवरील जुना कॅमेरा: फर्मवेअरचे अद्ययावतीकरण व सुरक्षा

कोलकाता : सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीपूर्वी सुरक्षा चाचणी बंधनकारक करणारी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची अधिसूचना ९ एप्रिल २०२४ रोजी निघाली. मुदतवाढीनंतर ती ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. हा नियम नव्या मालासाठी आहे. डायमंड हार्बर मार्गालगतच्या बेहाला परिसरात असोत वा अन्यत्र, दारांवर आधीच बसविलेल्या स्वस्त कॅमेऱ्यांची काळजी घरमालकांनाच घ्यावी लागते.

फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्यात कायम साठविलेली, त्याला चालविणारी आज्ञावली. २०१६ मधील ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेल्या सुमारे ६० नाव-पासवर्ड जोड्या वापरून लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांद्वारे अमेरिकेतील ‘डिन’ कंपनीवर झालेल्या हल्ल्याने ट्विटर, नेटफ्लिक्सची सेवा विस्कळीत झाली. कॅमेरा बंद करून चालू केल्यास मिराई पुसली जाई. पासवर्ड तोच राहिल्यास मात्र काही मिनिटांत परतत असे.

केवळ पासवर्ड बदलणेही पुरेसे नाही. टीपी-लिंकच्या ‘टॅपो सी२००’ या घरगुती कॅमेऱ्याच्या १.१.१५ व त्यापूर्वीच्या फर्मवेअरमध्ये पासवर्डविना ताबा मिळविता येईल असा दोष होता. तो मिटविण्यासाठी नवे फर्मवेअर घेणे आवश्यक होते.

सध्याची आवृत्ती अ‍ॅपमधील उपकरण-माहितीत दिसते. ती निर्मात्याच्या संकेतस्थळावरील, त्याच मॉडेलच्या व त्याच हार्डवेअर आवृत्तीच्या नोंदीशी ताडून पाहावी. अन्य ठिकाणची फाइल वापरू नये. अद्ययावत करताना वीज गेल्यास कॅमेरा निकामी होऊ शकतो, त्यामुळे बंगालमध्ये कालबैशाखीच्या वादळी संध्याकाळी हे काम हाती न घेणेच शहाणपणाचे. नंतर पासवर्ड व इतर सेटिंग पुन्हा तपासावी. राउटरमधील ‘यूपीएनपी’ बंद ठेवावे, कारण ते घरातील उपकरणाला बाहेरून वाट करून देते. कॅमेऱ्यास पाहुण्यांसाठीच्या स्वतंत्र वाय-फायवर ठेवल्यास संगणक व फोन त्यापासून वेगळे राहतात.

नाममुद्रा नसलेल्या कॅमेऱ्यांना बहुधा नवे फर्मवेअर मिळतच नाही. असा कॅमेरा इंटरनेटपासून तोडून, त्याला तशी सोय असल्यास, केवळ मेमरी कार्डवर चित्रण करण्यासाठी वापरता येतो. मात्र दूरगावाहून फोनवर घर पाहण्याची सोय मग उरत नाही.