सांडवा

धरण भरल्यावर जादा पाणी सुखरूप नदीत सोडणारी वाट म्हणजे सांडवा. दगडी धरण माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्यापुढे बहुधा तग धरते. मातीचा भराव मात्र पाहता पाहता खचून वाहून जातो.

गुजरातेतील मोरबीजवळच्या मच्छू-२ धरणाचा सांडवा सेकंदाला सुमारे ५,६६० घनमीटर पाण्यासाठी आखलेला होता. ११ ऑगस्ट १९७९ रोजी पूर आला तो जवळपास तिप्पट. मधला पक्का सांडवा उभा राहिला, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध फुटले, आणि मोरबीत हजारांवर माणसे दगावली.

धरण नव्याने बांधताना सांडव्याची क्षमता सेकंदाला सुमारे २१,००० घनमीटर, म्हणजे जवळपास चौपट केली गेली. ‘दुरुस्ती’ हा शब्द या कामाला फार तोकडा आहे.